अर्ज कुठे अडतो, ते आधी पाहा

अर्ज पाठवून महिना उलटला तरी ‘तुमची निवड झाली नाही’ एवढेही कुणी कळवत नाही. नोकरी शोधणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त थकवते ते हेच. नकार आला तर माणूस दोन दिवस खट्टू होतो आणि पुढच्या अर्जाला लागतो. उत्तरच आले नाही, की तो मनातल्या मनात कारणे जुळवू लागतो. वय जास्त झाले असेल. कॉलेज नावाजलेले नाही. इंग्रजी कच्चे आहे. आणि मग एखाद्या रात्री झोप लागत नसताना वाटते, हे क्षेत्रच आपले नव्हे, आता काहीतरी वेगळेच करायला हवे.

पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव या पट्ट्यातल्या कारखान्यांसाठी माणसे निवडण्याच्या कामात मी बरीच वर्षे घालवली आहेत. त्या खुर्चीवरून वारंवार दिसलेली गोष्ट सांगते. क्षेत्र सोडायला निघालेल्या कितीतरी जणांचे क्षेत्र ठीक होते. त्यांचा अर्ज योग्य माणसाच्या नजरेखाली जात नव्हता, एवढेच. आणि ज्यांनी खरोखर क्षेत्र बदलायला हवे होते, ते मात्र तोच रिज्युमे त्याच प्रकारच्या कंपन्यांना वर्षभर पाठवत राहिले होते. उत्तर न आल्याचा थकवा एकीकडे आणि आयुष्याची दिशा बदलण्याचा निर्णय दुसरीकडे, हे दोन हिशेब वेगळे ठेवा. पहिल्यावर दुसरा उभा करू नका.

त्यासाठी आज संध्याकाळी एक वही घ्या आणि गेल्या दोन-तीन महिन्यांतले अर्ज लिहून काढा. तारीख, कंपनी, पद, अर्ज कोणत्या मार्गाने केला आणि पुढे काय झाले. आठवेल तेवढे लिहा. बहुतेकांना हे लिहिताना प्रथमच कळते, की आपण समजत होतो त्यापेक्षा फार कमी अर्ज केले आहेत, किंवा फार जास्त केले आहेत पण जवळजवळ सगळे एकाच पोर्टलवरून, एका बटणावर. मग बघा गाडी कुठे थांबते. फोनच येत नाही? फोन येतो, पण पहिल्या मुलाखतीनंतर सगळे शांत होते? की शेवटपर्यंत जाऊन पगाराच्या बोलण्यावर फिसकटते? तिन्ही ठिकाणी इलाज निराळे आहेत.

फोनच येत नसेल तर

भरती करणारा माणूस आलेले सगळे अर्ज वाचत नाही. वाचूच शकत नाही. तो पोर्टलवर शोध घालतो: पदाचे नाव, दोन-तीन कौशल्ये, शहर, अनुभवाची वर्षे, पगाराची अपेक्षा, नोटीस पिरियड. त्यातून जी यादी येते तिच्यातली वरची काही नावे तो उघडतो. तुमची लायकी तपासली जाण्याच्या आधीच तुम्ही त्या यादीतून गळालेले असू शकता, आणि गळण्याची कारणे अगदी किरकोळ असतात.

पदनाम हे त्यातले मोठे कारण. अनेक कंपन्यांत माणसाला ‘एक्झिक्युटिव्ह – लेव्हल टू’ किंवा ‘असोसिएट’ असे काहीतरी म्हणतात. बाहेर त्याच कामाला ‘प्रॉडक्शन इंजिनीअर’ किंवा ‘अकाउंट्स पेएबल’ म्हणतात आणि शोध त्याच नावाने घातला जातो. नियुक्तिपत्रातले पदनाम बदलू नका, ते खोटे ठरेल. पण त्याच्या शेजारी कामाचे चालू नाव जरूर लिहा. दुसरे, प्रोफाइल सहा महिन्यांपूर्वी भरून तसेच ठेवले असेल, तर हा माणूस आता शोधात नाही असे समजले जाते. आठवड्यातून एकदा तरी लॉग-इन करून काहीतरी सुधारा. तिसरे, पत्ता लातूरचा किंवा जळगावचा आणि नोकरी पुण्यातली असेल, तर ‘पुण्यात राहायला तयार, पंधरा दिवसांत रुजू होऊ शकतो’ असे वरच लिहा. नोटीस पिरियड 90 दिवसांचा असेल आणि तुमची कंपनी पैसे भरून तो कमी करू देत असेल, तर तेही लिहा. ज्याला जागा महिनाभरात भरायची आहे तो 90 हा आकडा पाहूनच पुढे जातो. आणि रिज्युमेची फाइल साधी ठेवा. रंगीत चौकटी, दोन रकाने, टक्केवारीचे गोल ही सजावट डोळ्यांना बरी वाटते, पण अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यातला मजकूर अनेकदा उचलता येत नाही.

आता मजकूर. शंभरातले बहुतेक रिज्युमे कामाची यादी देतात. ‘क्वालिटी विभागात इन्स्पेक्शनचे काम पाहिले. कस्टमर कंप्लेंट हाताळल्या.’ हे तुमच्या शेजारच्या टेबलावरचा माणूसही लिहू शकतो. त्याऐवजी काय होते, तुम्ही काय केले आणि काय बदलले ते लिहा: ‘प्रेस शॉपमधल्या चार सुट्या भागांच्या ग्राहक-तक्रारी महिन्याला सात-आठ होत्या, गेज बदलले, ऑपरेटरना मोजमाप शिकवले, सहा महिन्यांत त्या एक-दोनवर आल्या.’ आकडा तुमचा खरा असला पाहिजे, लहान असला तरी चालेल. शाळेच्या कार्यालयात काम करणारी बाई ‘यू-डायसची माहिती मुदतीत भरली, एकदाही परत आली नाही’ असे लिहू शकते. दुकानाचा हिशेब सांभाळणारा ‘उधारी वसुली तीन महिन्यांवरून दीड महिन्यावर आणली’ असे लिहू शकतो. असे एक वाक्य सुचायला तासभर लागतो. तो तास वीस अर्ज टाकण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो, हे मी खात्रीने सांगते.

ओळखीबद्दल थोडे थांबून बोलायला हवे. ओळखीने जाणे म्हणजे वशिला, असे मानून कितीतरी सरळमार्गी माणसे आपलेच नुकसान करून घेतात. लायकी नसताना जागा मिळवणे हा वशिला. जागा आहे हे कळणे आणि आपला रिज्युमे उघडला जाणे, ही झाली माहिती. अनेक खासगी कंपन्या तर आपल्याच कर्मचाऱ्यांना चांगला माणूस सुचवल्याबद्दल पैसे देतात; तुम्ही विचारलेत तर त्यांच्यावर ओझे पडत नाही. फक्त ‘कुठे काही असेल तर बघा ना’ असे विचारू नका. त्यावर समोरचा ‘बघतो’ म्हणतो आणि विसरतो, कारण नेमके काय बघायचे ते त्याला कळलेलेच नसते. असा निरोप पाठवा: ‘नमस्कार दादा, आपण वाळूजला एकत्र होतो. मी आता सप्लायर क्वालिटीत जागा शोधतो आहे, सहा वर्षांचा अनुभव आहे. तुमच्या कंपनीच्या साइटवर या नावाची जागा दिसली. ती अजून रिकामी आहे का, आणि कोणाकडे रिज्युमे पाठवू, एवढे सांगाल का?’ याचे उत्तर देणे सोपे आहे. म्हणून ते मिळते.

शासनाची दोन ठिकाणेही लक्षात ठेवा, दोन्ही मोफत आहेत: राज्याचे महास्वयम् आणि केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस. जिल्ह्यात होणाऱ्या रोजगार मेळाव्यांची माहिती महास्वयम्‌वर येते. वरच्या पदांसाठी तिथे फारसे हाती लागणार नाही, पण आयटीआय, डिप्लोमा आणि सुरुवातीच्या पदांसाठी तिथे नाव असणे चांगले.

मुलाखतीपर्यंत जाऊन थांबत असेल तर

मुलाखत घेणाऱ्याला बहुधा दोनच शंका सतावत असतात: हा माणूस इथे टिकेल का, आणि आधीची नोकरी का सुटली? त्यांचे उत्तर तीन वाक्यांत आणि तक्रारीविना देता आले पाहिजे. कंपनीने माणसे कमी केली असतील तर तसे सांगा. ‘आमची पूर्ण लाइन बंद झाली, त्यात माझी जागा गेली’ हे सांगण्यात कमीपणा नाही. ते लपवताना जी चाचरत बोलण्याची वेळ येते तिने घात होतो. जुन्या साहेबाबद्दल मात्र बोलू नका, तो कितीही त्रासदायक असला तरी.

ज्यांची काही वर्षे स्पर्धा परीक्षांत गेली, त्यांना हा प्रश्न सगळ्यात जास्त बोचतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत काढलेली वर्षे ते रिज्युमेतून पुसून टाकतात आणि मग मधला खड्डा उठून दिसतो. पुसू नका. ‘2019 ते 2023 राज्यसेवेची तयारी केली, मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो, तो मार्ग मी थांबवला आहे’ असे लिहा. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, कारण पुढची जाहिरात निघाली की हा सोडून जाईल, हीच समोरच्याची भीती असते. ती वर्षे वायाही गेलेली नसतात. कायदा, अर्थव्यवस्था, मराठी-इंग्रजी लेखन, आकडेवारी वाचणे हे ज्याला येते, त्याला बँकेच्या कर्जविभागात, कंपन्यांच्या सीएसआर कामात, स्वयंसेवी संस्थांत, मजकूर-संपादनात जागा असतात. आणि ज्यांचा निर्णय अजून झालेला नाही, त्यांनी तारीख ठरवावी. राज्यात शासकीय सेवेत प्रवेशाची वयोमर्यादा 2016 पासून खुल्या वर्गासाठी 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 आहे. पण ती सरकारची मर्यादा झाली. तुमच्या घराची मर्यादा तुम्हीच ठरवायची आहे, आणि ती त्याच्या बरीच अलीकडे असू शकते.

पैशाचा हिशेब आणि घरची माणसे

नोकरी गेली असेल किंवा सोडायचा विचार असेल, तर आधी घरखर्चाचा आकडा काढा. हप्ते, भाडे, शाळेची फी, आईवडिलांची औषधे, किराणा. हातातली रक्कम त्या आकड्याने भागली, की तुमच्याकडे किती महिने आहेत ते कळते. सहा महिने असतील तर चांगली जागा येईपर्यंत थांबता येते. दीडच महिना असेल तर आधी पगार सुरू करणारी कोणतीही बरी नोकरी धरा आणि शोध चालू ठेवा. त्यात अपमान मानू नका.

पाच वर्षे सलग नोकरी झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. साधारणपणे शेवटचे मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, त्याला 26 ने भागून 15 ने गुणायचे आणि पूर्ण झालेल्या वर्षांनी गुणायचे. ही रक्कम 26,000 असेल तर दर वर्षामागे 15,000 रुपये, पाच वर्षांचे 75,000. चार वर्षे आणि वर काही महिने झाले असतील, तर रागाच्या भरात राजीनामा देण्याआधी कधी पात्र ठरता ते एचआरला लेखी विचारा. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. मुदतीच्या करारावर असलेल्यांना त्यांत एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी देण्याची तरतूद आहे, आणि नोकरी सुटल्यावर देणे असलेले वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करायचे आहे. अनेक छोट्या कंपन्यांपर्यंत हे अजून पोहोचलेले नसेल. तुम्हाला माहीत असू द्या.

पीएफला शक्यतो हात लावू नका. पाच वर्षे सलग सेवा होण्याआधी तो काढला तर त्यावर कर लागू शकतो. शिवाय पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते. पेन्शनचा भाग मध्येच काढून घेतला की ती मागची वर्षे हातची जातात. पैसे काढण्याच्या नियमांत ऑक्टोबर 2025 मध्ये ईपीएफओच्या विश्वस्त मंडळाने मोठे बदल मंजूर केले आहेत. म्हणून दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या व्हिडिओवर विसंबू नका, ईपीएफओच्या संकेतस्थळावरचा ताजा नियम वाचा. ज्यांचा पगार 21,000 पर्यंत होता आणि ईएसआय कापला जात होता, त्यांनी ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’ लागू आहे का, ते ईएसआयच्या शाखेत जाऊन विचारावे. अटी पूर्ण होत असतील तर नोकरी गेल्यावर सरासरी वेतनाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त 90 दिवस मिळते. ही योजना आपल्याकडे फार थोड्या कामगारांना माहीत आहे.

कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, आणि हे बहुतेकांच्या लक्षात येते ते घरात कुणी आजारी पडल्यावर. शेवटच्या दिवसाआधी त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत जाता येईल का, हे विचारा. आईवडिलांना मधुमेह, रक्तदाब असेल तर हे पहिले काम समजा.

आणि घरी सांगा. रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारी आणि दिवसभर कुठेतरी बसून संध्याकाळी परतणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांना सगळ्यात जास्त शीण नोकरी गेल्याचा नव्हता, लपवण्याचा होता. सांगताना आकड्यासह सांगा: ‘पाच महिन्यांची सोय आहे, हे हे खर्च थांबवू या, मी या प्रकारच्या जागा बघतो आहे.’ बायकोला किंवा नवऱ्याला योजनेत घेतले, की घरातली कुजबुज थांबते. लग्नकार्यात ‘सध्या काय चाललंय?’ विचारणाऱ्या काका-मामांसाठी एक वाक्य तयार ठेवा: ‘क्वालिटीत जागा शोधतोय काका, तुमच्या माहितीत कुणी असेल तर नंबर द्या.’ प्रश्न संपतो, कधी कधी नंबरही मिळतो. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ वाटेनासा झाला असेल, तर 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. मन खचलेले असताना क्षेत्र बदलण्याचा निर्णय घेऊ नका. आधी मनाला आधार द्या, निर्णय महिनाभर थांबला तरी चालेल.

क्षेत्र खरोखरच बदलायचे असेल तर

एक प्रश्न स्वतःला विचारा. हेच काम चांगल्या वरिष्ठाच्या हाताखाली, घरापासून अर्ध्या तासावर आणि वेळेवर पगार मिळून करायला मिळाले, तर ते हवे आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर तुम्हाला कंपनी बदलायची आहे, क्षेत्र नाही. उत्तर ‘तरीही नको’ असेल, किंवा ते कामच कमी होत चालले असेल, तर पुढचे वाचा.

काम कमी होत चालले आहे का, हे भावनेने ठरवू नका. वाहन उद्योगाचेच घ्या. विजेवर चालणाऱ्या गाडीला पिस्टन, व्हॉल्व्ह, इंधनाचा इंजेक्टर, सायलेन्सर लागत नाही. ज्याची उमेदीची सगळी वर्षे या सुट्या भागांत गेली, त्याने डोळे उघडे ठेवून आतापासून हलायला हवे. पण ब्रेक, सस्पेन्शन, सीट, काचा, पत्र्याचे भाग, वायरिंग हे गाडी कशावरही चालली तरी लागणारच. ‘ऑटोमोबाइल संपले’ असे म्हणून या दोन्ही प्रकारच्या भागांत काम करणाऱ्यांनी एकाच वेळी डेटा सायन्सच्या क्लासला नाव घालण्यात शहाणपण नाही.

बदल करताना माझा एकच आग्रह असतो: एका वेळी एकच गोष्ट बदला. नदी ओलांडताना पुढचा दगड हलत नाही ना हे बघेपर्यंत मागचा पाय आपण उचलत नाही, तसे. काम तेच ठेवून उद्योग बदला, किंवा उद्योग तोच ठेवून काम बदला. दोन्ही एकदम बदलले, की तुमचा सगळा अनुभव शून्य धरला जातो आणि पगारही नवख्याचा मिळतो.

इंजिनाच्या भागांची गुणवत्ता तपासणारा माणूस वैद्यकीय उपकरणांच्या किंवा विमानाच्या सुट्या भागांच्या कारखान्यात जाऊ शकतो. मोजमाप तेच, सीएमएम मशीन तेच, दोषाच्या मुळाशी जाण्याची पद्धत तीच. बदलते ते मानक: वाहन उद्योगात आयएटीएफ 16949, वैद्यकीय उपकरणांत आयएसओ 13485, विमान उद्योगात एएस 9100. नव्या मानकाचा अभ्यास दोन-तीन महिन्यांत होतो आणि मुलाखतीत ‘फरक काय’ हे सांगता आले की दार उघडते. दुसरे उदाहरण एमआरचे, म्हणजे औषध कंपनीच्या विक्री प्रतिनिधीचे. बी.एस्सी. करून दहा वर्षे औषधांची बॅग घेऊन डॉक्टरांच्या दाराशी थांबलेला माणूस कंटाळतो, हे मला पूर्ण समजते. त्याला विक्री आवडत असेल तर तो वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीत जाईल. विक्री नकोच असेल तर औषध कंपनीतच नव्या एमआरना शिकवण्याच्या कामाकडे किंवा रुग्णालयाच्या औषध-खरेदीकडे वळेल. दोन्हीकडे त्याची डॉक्टरांची आणि औषधांची माहिती सोबत जाते. तासिका तत्त्वावर शिकवून नेट-सेटनंतरही कायम जागेची वाट पाहणाऱ्या प्राध्यापकांचे दुःख याहून मोठे आहे. दर सत्राला नव्याने नेमणूक, उन्हाळ्यात पगार नाही. त्यांच्यापैकी जे आता थांबू शकत नाहीत, त्यांना शिकवण्याचे कौशल्य ठेवून जागा बदलण्याचा मार्ग आहे: बी.एड. असेल तर शाळा, नसेल तर कंपन्यांतले प्रशिक्षण, पाठ्यसामग्री लिहिणे, प्रकाशनसंस्था, भाषा आणि अनुवादाचे काम.

निर्णय पक्का करण्याआधी नव्या कामात असलेल्या चार-पाच माणसांना भेटा. यूट्यूबवरच्या नव्हे, ओळखीच्या ओळखीतल्या. त्यांना नेहमीच्या कामाच्या दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करता ते विचारा, सुरुवातीचा पगार किती आणि तीन वर्षांनी किती तेही विचारा. मग ते काम थोडे करून बघा. हिशेबाच्या कामात जायचे असेल तर ओळखीच्या सीएच्या कार्यालयात शनिवारी टॅली आणि जीएसटीच्या नोंदी करा. शिकवायचे असेल तर सोसायटीतल्या मुलांना दोन महिने गणित शिकवा. आता नोकरीत असाल तर बाहेरचे काम करायला तुमच्या नियुक्तिपत्रात मनाई आहे का, ते आधी वाचा.

अभ्यासक्रमांवर पैसे घालताना फार सावध राहा. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ म्हणणाऱ्या क्लासची फी पुष्कळदा कर्जातून भरून घेतली जाते. सही करताना तुम्हाला ती क्लासची फी वाटते. प्रत्यक्षात ते एखाद्या वित्तसंस्थेचे तुमच्या नावावरचे कर्ज असते आणि क्लास सोडला तरी हप्ते चालूच राहतात. मागच्या बॅचमधली चार मुले तुम्ही स्वतः शोधून काढा, क्लासने पुढे केलेली नकोत, आणि त्यांना विचारा. त्याआधी स्वस्तात शिकून बघता येते. केंद्र सरकारच्या स्वयम् या व्यासपीठावरचे आणि आयआयटी-आयआयएस्सीच्या एनपीटेलवरचे अभ्यासक्रम मोफत पाहता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरती काय ती फी भरावी लागते. नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करायची असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 पासून तेच काम करते आहे. संसारासाठी काही वर्षे घरी थांबलेल्या बायकांनी ‘सेकंड करिअर’ नावाचे कार्यक्रम शोधावेत. टाटा समूहाने असा एक कार्यक्रम 2008 मध्ये सुरू केला आणि नंतर इतर मोठ्या कंपन्यांनीही ते केले. मधल्या वर्षांबद्दल तिथे खुलासा मागत नाहीत, ती वर्षे धरूनच ते आखलेले असतात.

सगळ्यांनाच नोकरी करायची नसते. पण निराशेतून धंद्याकडे वळताना पीएफ आणि बायकोचे दागिने एकदम त्यात घालू नका. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती घ्या. उत्पादनाचे 50 लाखांपर्यंतचे आणि सेवाउद्योगाचे 20 लाखांपर्यंतचे प्रकल्प त्यात बसतात आणि अनुदान मिळते. कर्ज मात्र बँकच मंजूर करते, तेव्हा प्रकल्प अहवाल स्वतःला समजेल असा स्वतः तयार करा.

घायकुतीला आलेल्या माणसाला लुबाडणारे फार आहेत, म्हणून हेही लिहिते. नोकरी देण्यासाठी पैसे मागणारा, मग तो रजिस्ट्रेशन म्हणो, लॅपटॉपचे डिपॉझिट म्हणो की ट्रेनिंगची फी, तो नोकरी देणारा नाही. व्हिडिओ लाइक केल्याचे पहिले दोनशे रुपये देऊन नंतर हजारो भरायला लावणारी ‘घरबसल्या कामे’ याच जातीची. पैसे गेले असतील तर लाज न धरता ताबडतोब 1930 या सायबर-फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. परदेशी जायचे असेल तर एजंट सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का, ते पाहा. थायलंडमधल्या डेटा एन्ट्रीच्या नोकरीच्या नावाखाली नेऊन म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलेली भारतीय मुले सरकारला सोडवून आणावी लागली आहेत. मूळ प्रमाणपत्रे कोणालाही ठेवायला देऊ नका. बॉण्डवर सही करायची असेल तर रक्कम आणि मुदत वाचूनच करा. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेची दोन लाखांची अशी अट वैध ठरवली आहे, तेव्हा ‘बॉण्डला काही अर्थ नसतो’ या गप्पांवर जाऊ नका.

आता पगाराचे बोलणे. ऑफर आली की आनंदाच्या भरात सीटीसीचा आकडा घरी सांगू नका, आधी महिन्याला हातात किती येणार ते लेखी मागा. सीटीसीत कंपनीचा पीएफचा वाटा धरलेला असतो, बहुतेक ठिकाणी ग्रॅच्युइटीचा मूळ वेतनाच्या 4.81 टक्के भागही धरतात, आणि व्हेरिएबल म्हणून दाखवलेली रक्कम वर्षाअखेरीस मिळेलच असे नसते. आठ लाखांचे पॅकेज म्हणजे महिन्याला 66,000 हातात, असे होत नाही. सही केलेले ऑफर लेटर मिळाल्याशिवाय जुन्या ठिकाणी राजीनामा देऊ नका. निघताना रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचे पत्र, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म 16 घ्या. ईपीएफओच्या खात्यात तुमची बाहेर पडल्याची तारीख कंपनीने भरली आहे का, ते दोन महिन्यांनी तपासा. भरली नसेल तर ती तुम्ही स्वतःही भरू शकता. नव्या ठिकाणी रुजू होताना जुनाच यूएएन क्रमांक द्या आणि मागचा पीएफ तिकडे वर्ग करून घ्या, म्हणजे पेन्शनसाठी लागणाऱ्या दहा वर्षांत जुन्या नोकरीची वर्षेही मोजली जातील.